हेअरी मॅक्लेरीची भीती आणि मसूरचा प्रवास



ज्यांची मुले न्यूझीलंडमध्ये लहानाची मोठी झाली, त्यांना हेअरी मॅक्लेरी कोण हे सांगण्याची गरज नाही. येथील बालवाडीत, दवाखान्याच्या प्रतीक्षालयात, ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर हा काळा, झिपरा, पुढे केस लोंबणारा कुत्रा हमखास भेटतो. नुकत्याच आलेल्या कुटुंबांसाठी मात्र थोडा परिचय करून देतो. रोटोरुआ येथे 1941 साली जन्मलेल्या लिनली डॉड यांनी त्याला निर्माण केले. शब्द त्यांचे आणि चित्रेही त्यांचीच. पहिले पुस्तक 1983 साली निघाले, आणि त्यात तो डोनाल्डसनच्या डेअरीमधून फिरायला निघतो. येथे आल्यावर पहिले काही दिवस आम्ही ‘डेअरी’ म्हणजे दूधकेंद्र समजत होतो. येथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा, पाव, वर्तमानपत्रे विकणारे दुकान, आणि त्याच्या गल्ल्यावर पुष्कळदा एखादे गुजराती काका बसलेले असतात. असो.

गोष्ट एवढीशीच आहे. हेअरी मॅक्लेरी रस्त्याने चालू लागतो आणि एकेक मित्र त्याच्या मागे येत जातो. त्यात हर्क्युलीस मोर्ससारखा अवाढव्य मॅस्टिफ आहे, ठिपकेवाला बॉटमली पॉट्स आहे, गवताच्या गंजीसारखा दिसणारा मफिन मॅकले आहे, हाडकुळा बिट्झर मलोनी आहे आणि जमिनीला पोट टेकेल की काय असा बुटका श्निट्झेल फॉन क्रम आहे. सहा कुत्र्यांची ही मिरवणूक मोठ्या ऐटीत गावाच्या टोकाला पोहोचते आणि तेथे स्कारफेस क्लॉ नावाचा एक दांडगा बोका दिसतो. तो एकदाच किंचाळतो. कोणाला ओरबाडत नाही, कोणाच्या अंगावर येत नाही. तरी सहाही जण शेपट्या घालून पळत सुटतात, आणि आपला नायक थेट घर गाठून अंथरुणात शिरतो. तेथे गोष्ट संपते.

आमच्या घरी हे पुस्तक प्रथम आले तेव्हा शेवटच्या पानावर आम्ही थबकलो होतो. पुढचे पान कोणी फाडले की काय, असे वाटले. मराठी बालवाङ्मयावर वाढलेल्या मनाला पुढे काही हवे असते. कुत्र्यांनी एकी करून बोक्याला हुसकावून लावावे, नाहीतर एखाद्या वडीलधाऱ्या कुत्र्याने धैर्याचे महत्त्व सांगावे. साने गुरुजींचा श्याम पोहायला घाबरतो, पुस्तकांपायी चोरीही करतो, परंतु त्याची चूक निस्तरायला आणि त्याला शहाणे करायला आई उभीच असते. डॉडबाईंच्या गावात अशी आई नाही. नायक भ्याला, पळाला आणि झोपला. आणि त्या पळपुट्यावर या देशातील मुलांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ प्रेम केले आहे. तौरांगाच्या किनाऱ्यावर 2015 साली त्याचे आणि त्याच्या मित्रांचे कांस्य पुतळे बसवले गेले. गेल्या जानेवारीत आम्ही तेथे गेलो, तर मुलांनी पाठीवर बसून बसून त्यांना गुळगुळीत केलेले दिसले. आमचा धाकटा चार वर्षांचा आहे. तो सर्वांच्या गळ्यात पडला, परंतु बोक्याच्या पुतळ्याजवळ काही केल्या जाईना.

पुढील पुस्तकांतूनही हेअरी मॅक्लेरी सुधारत नाही, हे विशेष. 1985 च्या पुस्तकात तो शहरभर मांजरांना पिटाळत सुटतो. स्वतःहून दुबळ्या दिसणाऱ्यांवर शौर्य गाजवण्याची खोड त्याला आहे. अखेर तोच बोका गाठ घेतो आणि उलट त्यालाच घरापर्यंत पळवत नेतो. 1991 च्या पुस्तकात तो मांजरांच्या प्रदर्शनात घुसून गोंधळ घालतो आणि सर्वांत गबाळ्या मांजराचे बक्षीस घेऊन येतो. 1999 च्या पुस्तकात झॅकरी क्वॅक नावाचे बदकाचे पिल्लू त्याच्यामागे खेळायला लागते. तो त्याला टाळत पळतो, पळता पळता नदीत पडतो, आणि त्या पिल्लामुळेच काठाला लागतो. म्हणजे नायक भित्रा, थोडासा दांडगट, आणि ज्याला झिडकारावे त्याच्याच मदतीने वाचणारा. आमच्या मते या मालिकेतील सर्वांत शहाणे पुस्तक मात्र 2001 साली आले. ते बोक्यावर आहे. ज्याला जगात कशाचेच भय नाही तो स्कारफेस क्लॉ एके दिवशी आरशात स्वतःला पाहतो आणि दचकून पळतो.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण घरातले आहे. लिहावे की नाही, यावर आम्ही पंधरा दिवस घालवले.

आमची लेक आठ वर्षांची आहे. हेअरी मॅक्लेरीचे वय तिने केव्हाच ओलांडले, पण रात्री धाकट्याला तेच पुस्तक वाचून दाखवते आणि प्रत्येक कुत्र्याचा आवाज निराळा काढते. त्या रात्री शेवटचे पान आले आणि ती एकदम गप्प झाली. धाकटा झोपल्यावर बाहेर येऊन म्हणाली, “पप्पा, मी मुसावाद केला.”

आपल्या गटाच्या रविवारच्या वंदनेत मुले पंचशील म्हणतात हे वाचकांना ठाऊक आहेच. चौथ्या शीलातील हा शब्द तिच्या तोंडी इतक्या सहज येईल असे आम्हांला वाटले नव्हते. हळूहळू हकीकत कळली. दुपारी ती एका वर्गमैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. घर मराठी. गणपतीचे दिवस जवळ आले होते. येथे तेव्हा हिवाळा सरत असतो आणि भारतीय दुकानांत मोदकांचे साचे दिसू लागतात. त्या घरातील काकूंनी प्रेमाने जवळ बसवून विचारले, तुमचे आडनाव काय गं? लेकीने सांगितले. मग म्हणे, म्हणजे मूळचे कुठले? मग म्हणे, घरी गणपती बसवता ना? आजूबाजूला पाच-सहा मुली होत्या, आणि प्रत्येक जण आपल्या घरचा गणपती किती दिवसांचा हे सांगत होती.

“मी म्हटलं, हो, आमचा पाच दिवसांचा असतो.”

असे का सांगितलेस, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “काकू माझ्याकडे बघत होत्या.” त्या कशा बघत होत्या, हे तिला सांगता येईना. वाचकहो, आम्हांला सांगता आले असते. त्या नजरेचे वर्णन करण्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या आहेत. कदाचित त्या बाईंच्या मनात काहीही नसेल. परंतु आडनावानंतर क्षणभर थांबून विचारलेला दुसरा प्रश्न आठ वर्षांच्या मुलीने बरोबर ओळखला, आणि तो कसा ओळखावा हे आम्ही तिला कधी शिकवले नव्हते. निदान शिकवले नव्हते अशी आमची समजूत होती.

मग तिने जे विचारले त्याने आमची झोप गेली. “भीम कधीच घाबरला नाही ना?”

हा भीम आम्हीच तिला दिलेला आहे. 14 एप्रिलला मुलांची भाषणे बसवतो तेव्हा तो येतो. दिव्याच्या उजेडात अभ्यास करणारा, अठरा तास वाचणारा, कोणापुढे मान न वाकवणारा. तो खोटा नाही. परंतु आम्ही मुलांसमोर त्याला जन्मतःच पुतळा करून ठेवला आहे. निळा कोट, वर उचललेले बोट, हातात संविधान, आणि त्या पुतळ्याचीच लहान आवृत्ती म्हणजे बालभीम. अशा भीमापाशी मूल आपली भीती घेऊन जाऊ शकत नाही. जायचे असेल तर ते अंथरुणात शिरणाऱ्या कुत्र्यापाशी जाते.

कुत्र्याच्या गोष्टीशेजारी बाबासाहेबांचे नाव आलेले काही वाचकांना खटकेल, हे आम्ही जाणतो. कुत्र्या-मांजराला जे पाणी मिळे ते आपल्या आजोबा-पणजोबांना मिळत नसे. खुद्द बाबासाहेबांनी 1931 साली मुंबईत मणिभवनात गांधीजींना हेच सुनावले होते. तुलना आम्ही करीत नाही. तुलना मुलीने केली, आणि तिच्या तुलनेत कुत्रा अधिक जवळचा ठरला, एवढेच लक्षात आणून देतो.

म्हणून त्या रात्री आम्ही तिला दुसरा भीम सांगितला. तो आमच्या कल्पनेतला नव्हे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या इंग्रजी आत्मकथनात बाबासाहेबांनी त्याला स्वतःच्या हाताने उतरवून ठेवले आहे. हे टिपण त्यांच्या हयातीत छापले गेले नव्हते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते 1990 मध्ये पुस्तिकारूपाने काढले. अस्पृश्यता प्रत्यक्षात कशी पाळली जाते हे परदेशी माणसाला कळावे, असा त्यामागे हेतू होता. आज आपली मुले एका अर्थी तेच परदेशी वाचक झाली आहेत.

साल 1901. कुटुंब साताऱ्यात राहत होते. आई वारलेली. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात गोरेगाव येथे, दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने काढलेल्या तलावाच्या खोदकामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे, असे त्यांनी कळवले. नऊ वर्षांचा भीम, त्याचा थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले अशी चौघांची तयारी झाली. नवे विलायती कापडाचे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मुले आगगाडीने मसूर स्टेशनला उतरली. वडिलांना पत्र वेळेवर मिळालेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आलेले नव्हते. संध्याकाळ झाली. नीटनेटकी मुले पाहून स्टेशनमास्तराने आपुलकीने चौकशी केली, आणि भीमाने जराही विचार न करता सांगून टाकले की आम्ही महार आहोत. मास्तराचा चेहरा पालटला आणि तो दूर झाला.

येथे लेकीने आम्हांला थांबवले. “त्याला माहीत नव्हतं का, सांगायचं नसतं ते?”

माहीत होते, आणि नव्हतेही. शाळेत वेगळे बसावे लागते, नळाला हात लावायचा नसतो, न्हावी केस कापत नाही, हे त्याला माहीत होते. परंतु नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघालेल्या मुलाच्या मनात त्या घटकेला ते नव्हते. नंतर कोणी गाडीवान त्यांना घेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, म्हणजे त्याला विटाळ होणार नाही. रात्र पडली. अनोळखी रस्ता, सोबत वडीलधारे कोणी नाही. मुले भ्यायली. जेवणाचा डबा जवळ होता, पण पाणी नव्हते. वाटेत होते ते गुरांच्या शेणामुताने घाण झालेले. पुढे टोलनाका लागला. गाडीवान म्हणाला, महार म्हणून सांगाल तर पाणी मिळणार नाही. मुसलमान आहोत असे सांगून पाहा.

आणि भीमाने तसे सांगितले. नाकेदाराशी तो उर्दूत बोलला, कारण ती त्याला चांगली येत होती आणि शंकेला जागा राहू द्यायची नव्हती. तरीही पाणी मिळाले नाही. तुमच्यासाठी येथे कोणी पाणी भरून ठेवले आहे, असे त्या माणसाने तुटकपणे विचारले. डबा तसाच राहिला. अन्न असून पाण्यावाचून मुले उपाशी झोपली.

संध्याकाळी स्टेशनवर खरे सांगणारा मुलगा त्याच रात्री नाक्यावर खोटे सांगतो. या दोन जागांच्या मध्ये काय घडले, ते लेकीला समजावून सांगावे लागले नाही. ‘भीमायन’ हे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी गोंड शैलीत चितारलेले पुस्तक 2011 साली नवयानने काढले. ते आमच्या फळीवर होते, पण तिने कधी उघडले नव्हते. त्या रात्री उघडले. त्यात ज्यांचे बोलणे जहरी त्यांच्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी काढली आहे. ती बोटाने नांग्या मोजू लागली. मग एका पानावर थांबून म्हणाली, “काकूंची नांगी एवढी मोठी नव्हती.” तिचा हा न्याय आम्हांला मान्य आहे.

शीलाचे काय, हा प्रश्न उरतो, आणि धम्मबांधवांच्या मासिकात तो टाळून चालणार नाही. लहानग्या राहुलाला भगवंतांनी असत्याविषयी दिलेला उपदेश मज्झिम निकायात आहे. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात ज्या मोजक्या सुत्तांची शिफारस केली, त्यांत मुसावादावरील या उपदेशाचा उल्लेख येतो. त्यात भगवंत भांड्यात थोडेसे पाणी ठेवून राहुलाला ते दाखवतात, मग ते सांडतात, मग भांडे उपडे करतात. जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज नसलेल्याचे श्रामण्य असेच रिकामे, असा त्याचा आशय. आम्हांला हे सुत्त फार प्रिय आहे. परंतु राहुलासमोर भांडे बापाच्या हातात होते. नाक्यावर ते नाकेदाराच्या हातात होते. भीमाच्या त्या खोट्याचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडायचा, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. मुलीच्या गणपतीविषयी मात्र आम्ही इतके निःशंक नाही, कारण तिला तहान लागलेली नव्हती. तिला फक्त इतर मुलींत बसायचे होते. ही तहान आहे की नाही, यावर आम्हा उभयतांत अजून मतभेद आहे.

तिने हे कोठून शिकले, त्याचे उत्तर मात्र आम्हांला सापडले, आणि ते सुखद नाही. या देशात आलो तेव्हा पहिले वर्ष आम्ही आणखी दोन भारतीय कुटुंबांसह एका घरात भाड्याने राहिलो. नागपूरहून आणलेली बाबासाहेबांची तसबीर ते वर्षभर बॅगेतच राहिली. भिंतीला खिळे ठोकायची परवानगी नाही, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. परवानगी खरोखरच नव्हती, पण तसबीर टेबलावरही ठेवता आली असती. अजूनही कार्यालयात एखादा सहकारी “तुमच्यात काय करतात?” असे विचारतो तेव्हा आम्ही हवामानावर बोलू लागतो. संगणकप्रणालीच्या आमच्या धंद्यात दोषाची नोंद करणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही. नोंद न करता तो दडवणाऱ्याला ठेवतात. घरी हा नियम आम्ही कधी लावलाच नव्हता. बाबासाहेबांनी स्वतःची नऊ वर्षांच्या वयातील भीती, तहान आणि ते खोटे उत्तर यांतले काहीही न दडवता लिहून ठेवले. जगातील उत्तमोत्तम पदव्या मिळवल्यानंतर लिहून ठेवले. आम्ही मात्र भाषणे बसवताना तेवढेच पान उलटून पुढे जात आलो.

लेकीने शेवटी विचारले, “हे त्याने मोठेपणी सगळ्यांना सांगितलं?” हो म्हणालो. “खोटं बोलल्याचंसुद्धा?” तेसुद्धा, म्हणालो. ती थोडा वेळ पुस्तकाकडे पाहत राहिली आणि मग झोपायला गेली.

हकीकत येथेच थांबली असती तर बरे झाले असते. पण चौथ्या दिवशी काकूंचा निरोप आला. तुमचा गणपती पाच दिवसांचा असल्याचे तुमच्या मुलीकडून कळले, शनिवारी आम्ही सर्व दर्शनाला येऊ का, पत्ता पाठवा. निरोपाखाली हात जोडलेले चिन्ह आणि दोन फुले. आम्ही उत्तर लिहिले: या वर्षी काही कारणाने बसवता आला नाही. पाठवण्याआधी एकदा वाचून पाहिले. लेक शेजारी उभी राहून वाचत होती. ती काही बोलली नाही. आम्ही ते पुसले आणि फोन लावला.

“ताई, जय भीम. आम्ही बौद्ध आहोत, आमच्याकडे गणपती बसत नाही. पोरीने सांगितले ते संकोचापायी सांगितले. पण शनिवारी तुम्ही जरूर या, खीर करू.”

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “अच्छा… बरं बरं. काही हरकत नाही हो. बघते मी यांना विचारून.”

तो शनिवार होऊन गेला. त्या आल्या नाहीत. मुलाला ताप होता, असा निरोप मागाहून आला, आणि तो खरा असण्याचा पूर्ण संभव आहे, कारण या दिवसांत येथे निम्मी शाळा तापाने आजारी असते. खीर आम्हीच संपवली. लेकीने दुसऱ्याच दिवशी शाळेत त्या मैत्रिणीला सांगून टाकले की आमच्या घरी गणपती नसतो, बुद्ध असतो, आणि भिंतीवर एक चष्मेवाले आजोबा असतात. मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे पण चष्मेवाले आजोबा आहेत, पण ते खरे आहेत आणि खूप घोरतात. दोघी त्यावर बराच वेळ हसत होत्या, असे कळते.